लाल चौकट

चिठ्ठीला चार घड्या होत्या. बाकीच्या मुलांनी चिठ्ठ्या नुसत्या दुमडल्या होत्या, नाहीतर चुरगळून पेटीत कोंबल्या होत्या. म्हणून हिचा नीटनेटकेपणा डोळ्यांत भरला आणि मी ती उघडली. मधली सुट्टी होती. शिक्षकांच्या खोलीतल्या लांब टेबलावर एकीकडे माझा डबा, दुसरीकडे नववी ब च्या तपासून झालेल्या वह्यांचा गठ्ठा आणि मध्ये बुटांच्या खोक्याची केलेली प्रश्नपेटी. तोवर मी मजेत होते. डास चावल्याने एड्स होतो का, असं एकाने विचारलं होतं. न्हाव्याकडे गेल्याने होतो का, असं दुसऱ्याने. एका महाभागाने 'चाचणी कधी आहे' एवढंच विचारून घेतलं होतं, आणि एकाने चुंबनाबद्दल अशा काही तपशिलात विचारलं होतं की त्याला उत्तरापेक्षा धीर देण्याचीच गरज होती. मग ही. "बाई, शेवटच्या चौकटीत तुम्ही मृत्यू लिहिलंत. गोळ्या रोज वेळेवर घेतल्या तरी? एकही चुकवली नाही तरी?" तोंडातला घास तसाच राहिला. पहिल्यांदा वाचताना वाटलं, हुशार आहे, पुढचं वाचून आलंय. दुसऱ्यांदा वाचताना 'एकही चुकवली नाही तरी' या शब्दांपाशी अडकले. हे पुस्तकात वाचून कुणी लिहीत नाही. जे मूल रोज ठरल्या वेळी गोळी तोंडात टाकून वर पाणी पितं, तेच हे लिहितं.

एचआयव्हीचा तास मी वर्षातून एकदाच घेते. एकोणीस वर्षं घेतेय, आणि तो आमच्या शाळेत गाजलेला आहे. फळ्यावर पाच चौकटी. पहिलीत विषाणू, दुसरीत त्याने गाठलेली पांढरी पेशी, तिसरीत त्या पेशीच्या पोटात तयार होणाऱ्या त्याच्याच हजार प्रती, चौथीत पेशी संपल्यावर शरीरात शिरणारे सगळे लहानमोठे रोग, आणि पाचवी चौकट लाल खडूची. तिच्यात मी 'मृत्यू' लिहिते, खडू जरा जोरात दाबून, म्हणजे शेवटच्या बाकापर्यंत तो कर्र आवाज जातो. वर्ग चिडीचूप होतो. एकदा तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी या फळ्याचा फोटो काढून घेतला होता आणि शेरापुस्तकात 'उत्कृष्ट फलकलेखन' असं लिहिलं होतं. ते पान मी कितीतरी दिवस कौतुकाने आठवत असे. औषधं आहेत हे मी सांगत नव्हते असं नाही. तास संपता संपता, डस्टर हातात घेऊन, 'औषधं निघाली आहेत, पण रोग समूळ बरा होत नाही' असं एक वाक्य टाकायचे. पण त्या वाक्याला फळ्यावर जागा नव्हती. जे फळ्यावर नाही ते मुलं वहीत घेत नाहीत, आणि जे वहीत नाही ते नसतंच, हे मला एकोणीस वर्षांत कळलेलं आहे. शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांचं एकच मत, पोरांना भीती बसली पाहिजे, या वयात भीतीच कामाला येते. मीही मान हलवायचे. वर्गात बसलेल्या चाळीस-एक्केचाळीस मुलांपैकी सगळी या रोगाच्या बाहेर उभी आहेत आणि मी त्यांना कुंपणापलीकडचं काहीतरी दाखवतेय, अशी माझी पक्की समजूत. एखादं आतच असेल, चौकटी मोजत बसलं असेल, हे माझ्या मनाला शिवलंही नव्हतं. आणि मी जीवशास्त्र शिकवते.

चिठ्ठी मिटायला मला उशीर झाला. शेजारी कवायतीचे सर बसले होते. त्यांना उलटं वाचता येतं, मैदानावर गुणफलक उलट्या बाजूने वाचून वाचून ती सवय लागली असावी. "गोळ्या?" ते म्हणाले, "कोण घेतंय गोळ्या?" मी म्हटलं, कुतूहल असतं पोरांना. ते म्हणाले, कुतूहल असं वेळेवर नसतं. माणूस वाईट नाही. कुणाचा पाय मुरगळला तर स्वतः पाठुंगळीला मारून दवाखान्यात नेणारा. पण त्याच माणसाचा चेहरा माझ्यासमोर असा काही बदलत गेला की मी बघतच राहिले. त्यांनी मनातल्या मनात गेल्या सहा महिन्यांत खरचटलेले सगळे गुडघे आठवले असणार, कुणाला आपण हाताने मलम लावलं, कुणाच्या बाटलीतून पाणी प्यायलो. हात त्यांनी नकळत पँटला पुसले. मग डबा अर्धा टाकून उठले आणि थेट मोठ्या बाईंच्या खोलीकडे गेले. आमच्याकडे मुख्याध्यापिकेला मोठ्या बाईच म्हणतात, वयाने त्या माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहेत ही गोष्ट वेगळी.

प्रश्नपेटीची आमची रीतही सांगितली पाहिजे, कारण सगळी गोम तिच्यात आहे. मुलं चिठ्ठ्या टाकतात त्या मी नाव न घालता टाकायला सांगते म्हणून. नाव नाही तर भीती नाही, असं मीच वर्गात शपथ घेतल्यासारखं सांगते. पण तीन वर्षांपूर्वी एका पालकाने तक्रार केली, त्यांच्या लेकीच्या कानावर पेटीतला कुठलासा प्रश्न पडला होता. तेव्हापासून नियम झाला की चिठ्ठ्या उत्तरं देण्याआधी कार्यालयात जमा करायच्या. मोठ्या बाई वाचणार, नको त्या प्रश्नांवर फुली मारणार, उरलेल्यांची उत्तरं मी द्यायची. म्हणजे मुलांना सांगायचं तुमचं गुपित पेटीत, आणि पेटीला मागून दार. हा नियम मी सही करून मान्य केला होता. वर्गात शपथ आणि कार्यालयात सही, दोन्ही मीच. शेवटच्या तासाला शिपाई निरोप घेऊन आला. मोठ्या बाई उभ्याच होत्या. उद्या सकाळी पेटीतल्या सगळ्या चिठ्ठ्या आणि नववी ब च्या सगळ्या वह्या घेऊन या, असं त्या म्हणाल्या. वह्या कशाला, मी विचारलं, मला माहीत असूनही. त्या म्हणाल्या, तुम्ही इतकी वर्षं वह्या तपासताय, तुम्हाला वह्यांची गरजही पडणार नाही, पण माझी खात्री व्हायला हवी. आवाज अगदी मऊ होता. पुढच्या आठवड्यात शिबिर आहे, मुलं एका खोलीत झोपणार, एका नळावर अंघोळ करणार, उद्या कुणा पालकाला कळलं तर मला तोंड द्यायचंय, तुम्हाला नाही. आपण त्या मुलाला काढत नाही आहोत, फक्त माहिती असावी. फक्त माहिती असावी, हे वाक्य माझ्या ओळखीचं होतं. आमच्या घरातही ते असंच मऊ आवाजात बोललं गेलं होतं.

अक्षर मी ओळखलं होतं. खरं तर ओळखायचं नाही असं ठरवून चिठ्ठी मिटली होती, पण ते माझ्या हातात नाही. सराफाला सोनं न पारखता बघता येत नसेल, तसं मला अक्षर नुसतं बघता येत नाही. मूल डाव्या हाताने लिहिल्यासारखं वाकडंतिकडं लिहीत होतं, बिचाऱ्याने पुरती काळजी घेतली होती. पण शब्द पुरा झाल्यावर मगच शिरोरेघ ओढायची आणि ती शेवटच्या अक्षराच्या किंचित आधी सोडून द्यायची, ही खोड काही लपली नव्हती. शाळा सुटल्यावर सगळे गेले, तेव्हा मी गठ्ठ्यातून ती वही काढली. का काढली? खात्री करायला. म्हणजे मोठ्या बाईंना जे हवं होतं तेच मला हवं होतं, उगीच मोठेपणा नको. वहीचं शेवटचं पान उघडलं. पाच चौकटी पट्टीने आखलेल्या, बाण सुबक, पांढरी पेशी तर माझ्यापेक्षा छान काढलेली. पाचवी चौकट लाल पेन्सिलीची, चारही कोपरे जुळवलेली, आणि तिच्यात लाल शाईने 'मृत्यू' लिहिलेलं होतं. माझ्या अक्षरात. सकाळी वह्या तपासताना चार जणांची शेवटची चौकट रिकामी सापडली होती. तिघांची घंटा झाल्यामुळे राहिली असणार, त्यांचे बाणही अर्धवटच होते. पोरं फळ्यावरचं पूर्ण उतरवून घेत नाहीत, असं पुटपुटत मी चारही वह्यांत शब्द भरून टाकला होता आणि पुढे गेले होते. या मुलाने मात्र घाईत काही सोडलेलं नव्हतं. कोपरे जुळवून चौकट काढायला वेळ होता, आणि आत तो शब्द लिहायला हात तयार नव्हता. तो मी लिहून दिला. मोकळ्या सोडलेल्या एवढ्याशा जागेत एक मूल कसंबसं श्वास घेत होतं आणि मी जाऊन ती जागा भरून आले, वर अर्धा गुणही कापला.

घरी चालत गेले. एरवी मला रस्त्यावरच्या पाट्या वाचायची सवय आहे, त्या दिवशी एकही पाटी दिसली नाही. राग येत होता आणि कुणाकुणाचा येत होता त्याची यादी संपत नव्हती. पँटला हात पुसणाऱ्या सरांचा. मोठ्या बाईंच्या मऊ आवाजाचा. त्या अधिकाऱ्याचा, ज्याने फोटो काढला आणि एक शब्द बोलला नाही की बाई, तुमचा फळा वीस वर्षं जुना आहे. एका वळणावर चष्म्याचं दुकान लागतं. आत एक माणूस भिंग उजेडाकडे धरून बघत होता, आणि माझा दादा आठवला असं म्हणणं खोटं होईल, तो दुपारपासून माझ्या सोबतच चालत होता. दादा अशाच दुकानात भिंगं घासायचा. माझा चष्मा दर रविवारी नाकावरून ओढून काढायचा, उजेडाला धरायचा आणि म्हणायचा, काय गं, याने भांडी घासतेस का. भिंगावरचा केसाएवढा चरा त्याला दिसायचा. तो आजारी पडला तेव्हा मी कॉलेजात शास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होते. आधी वजन उतरलं, मग तोंडात पांढरे चट्टे, मग खोकला बसेना. डॉक्टरांनी वडिलांना बाहेर बोलावून सांगितलं, वडिलांनी आईला सांगितलं, आणि मला कुणी सांगितलं नाही, मला फक्त कळलं. नातेवाइकांत कावीळ म्हणून सांगायचं ठरलं. आजसुद्धा मावशीला विचाराल तर तो काविळीने गेला. ज्या गोळ्या आता मुलं दप्तरात घेऊन फिरतात त्या तेव्हा आमच्यापर्यंत पोचल्या नव्हत्या. हे कुणाच्या हातात नव्हतं. पण पेल्याचं हातात होतं.

आमच्या घरात सहा स्टीलचे पेले होते, एकसारखे. वडील म्हणाले, त्याचा वेगळा ठेवा, कुणाला सांगायची गरज नाही, फक्त आपल्याला माहिती असावी. ओळखायचा कसा, असा प्रश्न आला. आईला काही सुचेना. मी माझ्या खोलीत गेले आणि नेलपॉलिशची बाटली घेऊन आले. पेला पालथा घातला आणि बुडाला एक ठिपका दिला, लाल. फुंकर घालून वाळवलासुद्धा. त्याच आठवड्यात कॉलेजच्या ग्रंथालयात मी एका मासिकात वाचलं होतं की हा विषाणू पेल्यातून जात नाही, ताटातून, टॉवेलातून, मिठीतून जात नाही, शरीराबाहेर त्याचा टिकाव लागत नाही. वाचलं होतं, समजलं होतं, परीक्षेत विचारलं असतं तर गुण मिळवले असते. घरी आले आणि ठिपका दिला. दादाला पाणी नेऊन द्यायचे तेव्हा पेला खालून हाताने झाकून धरायचे, जणू तो काही बघणारच नाही. तिसऱ्या का चौथ्या दिवशी त्याने पाणी पिऊन झाल्यावर पेला उलटा केला, खिडकीच्या उजेडाला धरला, दर रविवारी चष्मा धरायचा तसा. "रंग छान आहे," तो म्हणाला, "तुझाच ना?" मी हो म्हटलं. त्याने पेला हातात परत दिला. नंतर तो पाणी स्वतः उठून घ्यायला लागला, उठवत नव्हतं तरी.

आई आता माझ्याकडेच असते. ऐंशी उलटली आहेत, गुडघे गेलेत, कान आणि डोकं शाबूत. मी घरी पोचले तेव्हा ती खिडकीशी बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. मी चप्पलही न काढता विचारलं, आई, दादाचा पेला कुठे आहे? एवढ्या वर्षांत दादाचं नाव आमच्यात आजाराला वगळून निघायचं. तिने घडी पुरी केली. म्हणाली, तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी घासणीने ठिपका काढला आणि बाकीच्यांत मिसळून टाकला, आता कुठला ते मलाही सांगता येणार नाही, सहातल्या एकातून तूही रोज पितेस. मग मी जे कधीच बोलले नव्हते ते बोलून गेले. मला तेव्हा माहीत होतं, म्हटलं, पेल्याने काही होत नाही हे मला माहीत होतं. मला वाटलं ती रडेल, किंवा जाऊ दे म्हणेल. तिने हातातला कपडा मांडीवर ठेवला. "तू शास्त्र शिकत होतीस," ती म्हणाली. "घरात दुसरं कोण शिकलेलं होतं? मी तुझ्या तोंडाकडे बघत होते. तू काही बोलली नाहीस. म्हटलं, हिला माहीत असणार. म्हणजे खरंच असणार." आणि पुढची घडी घालायला घेतली. त्यात आरोप नव्हता. आरोप असता तर मी भांडले असते, मला भांडता येतं. तिने फक्त हकीकत सांगितली. म्हणजे पेला वेगळा ठेवला तो वडिलांच्या भीतीने नाही, आईच्या अज्ञानानेही नाही. माझ्या गप्प बसण्याने. शिकलेल्या माणसाचं गप्प बसणं हेच घरात प्रमाणपत्र झालं. आणि पुढे मी काय केलं, तर शिक्षिका झाले. एकाच्या पेल्याला ठिपका देऊन भागलं नाही म्हणून दर वर्षी फळ्यावर लाल चौकट काढत बसले.

सकाळी शाळा भरायच्या तासभर आधी प्रयोगशाळा उघडली. तिची किल्ली माझ्याकडेच असते. चिठ्ठ्या मोजल्या, अडतीस. कोरे कागद घेतले, त्यांचे तेवढेच तुकडे केले आणि एकेक प्रश्न उतरवायला लागले. डास, न्हावी, चुंबन, चाचणी कधी आहे, सगळे जसेच्या तसे, शुद्धलेखनाच्या चुकांसकट. चुका उतरवताना हात अडत होता, इतक्या वर्षांची खोड. निम्मे झाल्यावर लक्षात आलं की मी लाल पेनाने लिहितेय, कारण माझ्याकडे दुसरं पेनच नसतं. मला हसू आलं. तसंच पुढे लिहीत गेले. गोळ्यांची चिठ्ठी सर्वांत शेवटी घेतली. ती गाळायचा विचार मनात आला होता, सरांनी वाचली म्हणून काय झालं, नव्हतीच म्हणता आलं असतं. पण तो प्रश्न फुली न खाता वर्गापर्यंत पोचायला हवा होता. तो एका मुलाने जिवाचा धडा करून विचारला होता, माझ्या सोयीसाठी मी तो गिळला असता तर पुन्हा तेच झालं असतं. मग मूळच्या चिठ्ठ्या चिनी मातीच्या बशीत थोड्या थोड्या ठेवून स्पिरिटच्या दिव्यावर जाळल्या. चार घड्यांची चिठ्ठी जळायला जरा वेळ लागला. राख नळाखाली धुतली, बशी पुसून कपाटात ठेवली.

मोठ्या बाईंनी आधी वह्या बाजूला ठेवून घेतल्या, मग पाकीट टेबलावर रिकामं केलं. कवायतीचे सर खिडकीशी उभे होते. लाल अक्षरांच्या अडतीस चिठ्ठ्या पसरल्या तेव्हा त्या दोघांना काही क्षण काय बघतोय तेच कळेना. सर म्हणाले, ती निळ्या शाईत होती, मी स्वतः बघितली. मोठ्या बाईंनी दोन-चार चिठ्ठ्या उचलल्या, ठेवल्या. मग गोळ्यांची सापडली, ती त्यांनी माझ्यापुढे सरकवली. "हे अक्षर कुणाचं आहे?" त्यांनी विचारलं. "माझं," मी म्हटलं. मूळ चिठ्ठ्या कुठे आहेत, तर जाळल्या. का जाळल्या, तर मुलांना मी शब्द दिला होता, तुम्हाला फक्त सही दिली होती. मग त्यांनी सुरक्षिततेचं सगळं पुन्हा सांगितलं, बाकीच्या मुलांचा विचार, एक नळ, एक खोली. मी म्हटलं, बाई, नळातून तो येत नाही, खोलीतून येत नाही, आणि जे मूल रोज गोळी घेतं त्याच्यापासून तर मैदानावर, शिबिरात कुणालाही धोका नाही. कुणाचंही रक्त आलं तर हातमोजे घालून पुसायचं, हे कुणाच्याही रक्ताला लागू आहे, तुमच्या माझ्यासुद्धा. माझा आवाज चढला होता. दाराबाहेर शिपाई थांबलेला दिसत होता तरी मला तो खाली आणता येईना. मी म्हटलं, काल दुपारपासून आपण तीन शिकलेली माणसं एका चौदा वर्षांच्या मुलाच्या मागावर आहोत, का, तर त्याने विचारलं की मी जगेन का. त्याचं उत्तर काय ते तुम्ही दोघांनी अजून मला विचारलेलंही नाही. मोठ्या बाई शेवटी म्हणाल्या, लेखी खुलासा द्यावा लागेल, तुमच्या सेवापुस्तकात नोंद होईल. मी म्हटलं, देते, अक्षर आता तुमच्या ओळखीचं आहेच. वह्या मी त्यांच्या टेबलावरून उचलल्या. त्यांनी अडवलं नाही, का नाही ते मला अजून माहीत नाही. दारापर्यंत गेल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "खरंच जगतात?" त्या क्षणी मला त्यांचाही राग धरवेना. हो म्हटलं, आणि घंटा झाली म्हणून निघाले.

नववी ब चा चौथा तास. मी वह्या वाटायला दिल्या, एकदा त्या रांगेकडे नजर जायला लागली ती फळ्याकडे वळवली आणि ठरवलं की आज तास फळ्याकडे तोंड करूनच घ्यायचा. पाच चौकटी काढल्या. पहिल्या तीन तशाच. मग दुसऱ्या आणि तिसऱ्या चौकटीमधल्या बाणावर आडवी रेघ मारली आणि रेघेवर लिहिलं, गोळ्या. म्हटलं, विषाणू पेशीच्या पोटात स्वतःच्या प्रती काढतो, त्या काढू न देणं हे या गोळ्यांचं काम. प्रती निघाल्या नाहीत की पांढऱ्या पेशी पुन्हा वाढतात. काही महिन्यांत विषाणू इतके कमी होतात की रक्ताच्या तपासणीतही सापडत नाहीत. संपत नाहीत, दडून बसतात, म्हणून गोळ्या सोडायच्या नाहीत, जन्मभर घ्यायच्या. तपासणीत सापडत नाहीत तोवर जोडीदारालाही त्यांच्यापासून लागण होत नाही. आईला झाला असेल आणि तिने वेळेवर औषध घेतलं तर बहुतेक वेळा बाळाला होत नाही, आणि झाला तर त्यात बाळाची काही चूक नसते, आईचीही नसते. हे शेवटचं माझ्या टिपणांत नव्हतं. एक प्रश्न आला होता, मी म्हटलं, एकही गोळी चुकवली नाही तर काय. प्रश्न वाचला तेव्हा मागे एखादं बाक करकरलं असेल, नसेल, मी कान तिकडे जाऊ दिला नाही. आणि न विचारलेलंही सांगते, एखादी चुकली तर आठवल्याबरोबर घ्यायची, भरून काढायला दोन एकदम घ्यायच्या नाहीत. जगबुडी होत नाही. पण वरचेवर चुकायला लागल्या तर विषाणू त्या गोळीला सरावतो, मग डॉक्टरांना दुसरी शोधावी लागते. एवढंच.

मग मी सांगितलं की एकोणीस वर्षं या फळ्यावर मी एक चूक करत आले. भीती घालायची म्हणून अर्धंच सांगत आले, आणि अर्धं सांगणं खोटं सांगण्यापेक्षा वाईट, कारण खोटं पकडता तरी येतं. माझा आवाज जरा कापला. मुलांनी तो ऐकला, ऐकू दे. वह्या उघडा, मी म्हटलं, शेवटच्या चौकटीतला शब्द तुमच्या हाताने खोडा, काही वह्यांत तो माझ्या अक्षरात आहे, तो जास्त जोरात खोडा. पानं उलटल्याचे आवाज आले. पुढच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, मग तिथे काय लिहायचं? मी लाल खडू उचलला, आणि पाचव्या चौकटीत सावकाश, न दाबता लिहिलं, म्हातारपण. वर्ग खो खो हसला. कुणीतरी म्हणालं, बाई, ते तर सगळ्यांनाच होतं. मी म्हटलं, हो, त्याच्यावर औषध नाही. आणखी हसले. हसू विरल्यावर पेनं चालायला लागली, एक्केचाळीस, कागदावर खोडण्याचा खरखर आवाज. एकेक करून ती थांबत गेली. एक पेन थांबलं नाही. ते चालतच राहिलं, कागद फाटेल इतकं, मग बहुधा फाटलाच. खडू हातात धरून मी फळ्याकडे बघत उभी राहिले. वळले नाही.